आधी लगीन ब्रेकचं



घरात जुनी गाडी असली आणि वीस-बावीस वर्षांचं एखादं हौशी पोर असलं, की एक प्रश्न कधी ना कधी निघतोच: "हिच्यात दुसरं, दमदार इंजिन बसवलं तर?" या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही हा प्रश्न वाढायला लागलाय. कुणाकडे काकांची जिप्सी आहे, कुणाकडे वडिलांची पद्मिनी. आणि आता तर तो माझ्याच घरात आलाय.

माझा भाचा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या आजोबांची १९९४ सालची कॉन्टेसा आहे, पांढरी, दारांखाली थोडी गंजलेली, पण उभी राहिली की अजूनही रुबाबदार दिसणारी. तिच्यात दोन लिटरचं टर्बो इंजिन बसवायचं त्याच्या मनात आहे. "मामा, दोनशे घोडे पक्के. बघा तुम्ही, एबी रोडवर लोक वळून वळून बघतील." इंजिन 'हाफकट'मधून येणार, म्हणजे परदेशात मोडीत काढलेल्या गाडीचा पुढचा अर्धा भाग. त्यासाठी इसार द्यायचा आहे. भाच्याने इंटर्नशिपचे पैसे साठवलेत, उरलेले भाऊजींनी मुदत ठेव मोडून द्यावेत अशी त्याची इच्छा. भाऊजी म्हणतात, एक पैसा देणार नाही. ताई म्हणते, "दादा, तू एवढी वर्षं पिथमपूरला इंजिनांत काढलीस, तूच काय ते सांग दोघांना."

तर आजचा लेख त्या दोघांसाठी, आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरात असाच वाद चाललाय त्यांच्यासाठी. मी 'करू नकोस' म्हणणार नाही. हौसेला नुसतं नाही म्हटलं की ती मागच्या दाराने बाहेर पडते. माझं म्हणणं एवढंच आहे: योजनेच्या कागदावर अश्वशक्तीचा आकडा सगळ्यात शेवटच्या ओळीत लिहायचा असतो. आपली पोरं तो पहिल्या ओळीत लिहितात आणि तिथेच गणित बिघडतं.

पिथमपूरनं केलेला स्वॅप

भाच्याला मी पहिली गोष्ट ही सांगितली, की तुझ्या आजोबांची गाडी हाच मुळात एक इंजिन स्वॅप आहे. आणि तोही आपल्या दारातला!

कॉन्टेसा १९८० च्या दशकात आली तेव्हा तिचा सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा होता आणि इंजिन होतं ॲम्बेसेडरचं, १४८९ सीसी, जेमतेम ५० अश्वशक्तीचं. दिसायला पैलवान, पण चढ आला की दम लागायचा. मग हिंदुस्तान मोटर्सने जपानच्या इसुझूशी हातमिळवणी केली. इसुझूच्या रचनेची इंजिनं आणि गिअरबॉक्स बनवायला कारखाना काढला तो आपल्या पिथमपूरला, इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर. त्या १.८ लिटर इंजिनाने कॉन्टेसाला सुमारे ८५ अश्वशक्ती मिळाली. पुढे १९९० च्या दशकात ॲम्बेसेडरमध्येही हेच इसुझू घराणं आलं. पन्नाशीतल्या माणसाला एकदम तरुण हृदय बसवावं तशी ती ॲम्बेसेडर पळायची.

आता यात बघण्यासारखं काय आहे? कंपनीने नुसतं इंजिन उचलून बसवलं नाही. त्याच्याबरोबर पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स आला. इंजिन आणि गिअरबॉक्स ही जोडी एकमेकांसाठी बनलेली होती. आणि दुसरी गोष्ट, कंपनीने ५० वरून २०० वर उडी मारली नाही. तोच सांगाडा, तोच मागचा एक्सेल जेवढं पेलेल, तेवढीच वाढ केली.

मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीने हेच केलं. १९८५ च्या सुमारास आलेली ११८एनई म्हणजे फियाट १२४ चं शरीर आणि निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन. नावातलं 'एनई' म्हणजेच निस्सान इंजिन. तिथेही इंजिनाबरोबर निस्सानचाच गिअरबॉक्स होता.

उलटं उदाहरणही आहे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने त्याच काळात 'स्टँडर्ड २०००' आणली. शरीर रोव्हर एसडी१ चं, इंग्लंडमध्ये ज्यात साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिनही मिळायचं. इथे तिच्यात बसवलं जुन्या व्हॅनगार्ड घराण्यातलं १९९१ सीसीचं इंजिन, ८० च्या आसपास अश्वशक्तीचं. एवढी देखणी, महागडी गाडी, पण शरीर आणि इंजिन यांचं पटलंच नाही. तीन-चार वर्षांत गाडी बंद पडली.

म्हणजे इंजिन कमी पडलं तरी बिघडतं आणि जास्त झालं तरी बिघडतं. मोठमोठ्या कंपन्या, हाताशी शेकडो इंजिनिअर, तरी त्यांनाही जोडी जुळवावी लागली. आपण एका गॅरेजमध्ये, एका मिस्त्रीच्या भरवशावर करणार असू, तर कागदावरचं काम त्यांच्यापेक्षा जास्तच करायला हवं.

आकड्यांची गंमत

अश्वशक्ती हा शब्द ऐकायला भारी, पण ती येते दोन गोष्टींच्या गुणाकारातून: इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, आणि फेरे, म्हणजे आरपीएम. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले फेरे, भागिले ९५४९, की किलोवॅट मिळतात. एक अश्वशक्ती म्हणजे साधारण पाऊण किलोवॅट.

भाच्याच्या मनातलं इंजिन ५००० फेऱ्यांना ३०० न्यूटन-मीटर देतं असं धरू. ३०० गुणिले ५०००, भागिले ९५४९, म्हणजे १५७ किलोवॅट, अर्थात सुमारे २१० अश्वशक्ती. वा! आता तेच इंजिन २००० फेऱ्यांना तेवढाच टॉर्क देतंय असं समजा. येतात ६३ किलोवॅट, म्हणजे ८४ अश्वशक्ती. पलासियाच्या चौकातून किंवा राजवाड्याच्या गर्दीतून गाडी चालते ती याच फेऱ्यांत. म्हणजे दोनशे घोड्यांचे पैसे मोजायचे आणि रोज साधारण तेवढेच घोडे जुंपायचे, जेवढे आजोबांचं इंजिन पूर्ण जोरात देतं.

वेगाचं गणित तर याहून कंजूष आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. वेग दुप्पट हवा तर हवेशी झुंजायलाच आठपट शक्ती लागते. पहिली ५० घोड्यांची कॉन्टेसा कशीबशी १२५ च्या आसपास जायची. घोडे चौपट केले तर ढोबळ हिशेबाने ती २०० च्याही किंचित आत थांबेल. इतर कशाचाही विचार न करता, नुसत्या हवेच्या हिशेबाने! चौपट खर्चात दीडपट वेग.

आणि त्या वेगाला टायर कोणते? टायरच्या कडेवर आकड्यांच्या शेवटी एक अक्षर असतं, ते कधी वाचलंय? एस म्हणजे १८० किलोमीटरपर्यंत, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. आपल्या गाडीचं अक्षर आज जाऊन बघा. अनेकांना आपल्या टायरची मर्यादा माहीतच नसते.

इंजिन एकटं येत नाही

लग्नात नवरदेव एकटा येत नाही, मागून सगळं वऱ्हाड येतं. इंजिनाचंही तसंच आहे.

पहिला प्रश्न जागेचा. नवीन इंजिन लांबीला किती, बोनेट बंद होतं का, ऑइल चेंबर खालच्या आडव्या पट्टीला घासतं का, स्टिअरिंगचा दांडा मध्ये येतो का. हे सगळं इंजिन विकत घेण्याआधी मोजता येतं. पुठ्ठ्याचा किंवा थर्माकोलचा सांगाडा करून बोनेटखाली ठेवून बघायचा. त्याला शे-दोनशे रुपये लागतात. इंजिन आणल्यावर कळलं तर फायरवॉल कापावी लागते, आणि एकदा कापलेली फायरवॉल पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

दुसरा प्रश्न वजनाचा. पुढे जड इंजिन आलं की पुढच्या स्प्रिंगा बसतात, स्टिअरिंग जड होतं, आणि पावसात मागची चाकं हलकी पडून घसरायला लागतात. कॉन्टेसाला इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. तिथे हे जास्तच जाणवतं.

तिसरी गोष्ट, इंजिनापासून चाकापर्यंतची साखळी. क्लचप्लेट, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, मागचं क्राउन-पिनियन आणि एक्सेल. इंजिनाचा पीळ पहिल्या गिअरमध्ये अनेक पटींनी वाढून चाकाशी पोचतो. पहिला गिअर साडेतीन पट आणि मागचं डिफरन्शियल चार पट धरलं, तर ३०० चे होतात ४२०० न्यूटन-मीटर. जुन्या इंजिनाचे १३० धरले तर होतात १८२०. जो एक्सेल तीस वर्षं १८२० झेलत आलाय, त्याच्यावर एका दिवशी ४२०० टाकायचे. साखळी नेहमी सगळ्यात कमकुवत कडीत तुटते. ती कडी सिग्नलवर, तीही जोरात निघताना तुटली, तर नशीब चांगलं म्हणायचं. घाटात तुटली तर?

चौथी गोष्ट, उष्णता. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग चाकाकडे पाठवतं. बाकी सगळी उष्णता होऊन जाते, आणि त्यातला मोठा वाटा पाण्यातून, रेडिएटरमधून बाहेर काढावा लागतो. पूर्ण जोरात १५० किलोवॅट काम करणारं इंजिन ढोबळमानाने तेवढीच उष्णता पाण्याला देतं. घरातला गीझर दोन किलोवॅटचा. म्हणजे बोनेटखाली ७५ गीझर एकदम चालू! इंदूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, आजोबांच्या रेडिएटरने हे कसं झेलायचं? मोठा रेडिएटर, त्याला साजेसे पंखे, टर्बोसाठी वेगळा इंटरकूलर, आणि या सगळ्याला पुढच्या जाळीमागे जागा.

पाचवी गोष्ट वायरिंगची. जुन्या गाडीत कार्ब्युरेटर होता, नव्या इंजिनाला कॉम्प्युटर लागतो, म्हणजे ईसीएम. त्याला डझनभर सेन्सर लागतात, जास्त दाबाचा इंधनपंप लागतो, त्यासाठी टाकीत आणि पाइपांत बदल करावे लागतात. हाफकट घेताना वायरिंगचा हार्नेस कापलेला असेल तर ते इंजिन निम्म्या किमतीतही महाग आहे, हे लक्षात ठेवा. गाड्या पेटण्याची कारणं शोधली तर ढिलं इंधनजोडणी आणि ओबडधोबड वायरिंग ही जोडगोळी नेहमी पुढे असते.

आणि मग येतात ब्रेक. त्यांच्याबद्दल वेगळं बोलू.

महाराजांची ड्युसेनबर्ग

आपल्या इंदूरला दमदार गाड्यांचं वेड काही आजचं नाही. दुसरे यशवंतराव होळकर, ज्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग बांधून घेतली, त्यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्युसेनबर्ग एसजे मागवली. चॅसिस आणि इंजिन अमेरिकेतलं, शरीर लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने बांधलेलं, रंग होळकरांचे नारिंगी आणि काळा. आठ सिलिंडरचं जवळपास सात लिटरचं इंजिन. साधी 'जे' २६५ अश्वशक्तीची आणि सुपरचार्जर लावलेली 'एसजे' ३२० ची, असा कंपनीचा दावा होता. नव्वद वर्षांपूर्वी ३२० घोडे! आजही ती गाडी जगातल्या सर्वांत देखण्या ड्युसेनबर्गपैकी एक मानली जाते.

आमच्या पिढीने हा ३२० चा आकडा पाठ केला होता. पण मला या गाडीतलं दुसरंच काहीतरी जास्त आवडतं. ड्युसेनबर्ग ही कंपनी नुसती ताकदीसाठी प्रसिद्ध नव्हती. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली, विक्रीसाठी बनवलेली पहिली गाडी तिचीच, १९२१ सालची 'मॉडेल ए'. म्हणजे २६५ घोडे जुंपण्याच्या कितीतरी वर्षं आधी त्यांनी लगाम पक्का केला होता. पुढे 'जे' मालिकेत ब्रेकला जोर देणारी यंत्रणा आली, आणि रस्ता कोरडा आहे, पावसाने ओला आहे, बर्फाचा आहे की निसरडा, त्याप्रमाणे तो जोर कमी-जास्त करायची चकती चालकासमोर बसवली होती.

तानाजी म्हणाला होता, आधी लगीन कोंढाण्याचं. मी भाच्याला म्हटलं, "तुझं आधी लगीन ब्रेकचं, मग इंजिनाचं."

याचं गणितही ऐका. गाडी थांबवणं म्हणजे तिच्यात साठलेली गतिज ऊर्जा चार चकत्यांमध्ये उष्णता करून टाकणं. ती ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. बाराशे किलोची गाडी ताशी १०० ला धावत असेल तर तिच्यात सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा असते. वेग फक्त ४० ने वाढवून १४० केला, की ती होते ९०० च्या वर, जवळजवळ दुप्पट. ब्रेक मात्र तेच, मास्टर सिलिंडर तोच, तीस वर्षं जुन्या रबरी नळ्याही त्याच. मानपूरच्या पुढे भेरूघाट उतरताना ज्यांनी ट्रकच्या ब्रेकचा जळका वास घेतलाय, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

आरटीओ आणि विमा

आता भाऊजींचा मुद्दा. त्यांची काळजी कागदपत्रांची आहे, आणि ती खरी आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम तसंच कडक वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं: परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

मग सगळी दारं बंद का? नाही. बिघडलेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवायचं असेल तर आरटीओची मंजुरी घेऊन नवा क्रमांक आरसीवर चढवता येतो. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी न्यायची असेल, तर मान्यताप्राप्त किटने तेही कायद्यात बसतं. अशा किटची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. पण १.८ लिटरच्या जागी परदेशी हाफकटमधलं दोनशे घोड्यांचं इंजिन, आणि तेही रस्त्यावर चालवायला, हे या दारांतून आत येत नाही.

पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. तिथे इंजिन क्रमांक बघतात. आणि विमा? कंपनीला न कळवलेला बदल हे नुकसानभरपाई नाकारण्याचं कारण होऊ शकतं. स्वतःच्या गाडीचं नुकसान एक वेळ सोसेल. पण कुणाला धक्का लागला आणि भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल झाली, तर मुदत ठेवच काय, घरही पणाला लागतं. आणि गाडीची आरसी भाऊजींच्या नावावर आहे. पायाखालचं पेडल मुलाच्या, पण कायद्यापुढे मालक वडील. हा मुद्दा भाच्याच्या लक्षातच आला नव्हता. तो ऐकून तो पहिल्यांदा गप्प बसला.

आणखी एक गोष्ट. २०२१ साली केंद्राने विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. १९९४ ची कॉन्टेसा २०४४ मध्ये पन्नाशीची होईल. तेव्हा भाचा माझ्या आजच्या वयापेक्षा बराच लहान असेल! आज फायरवॉल कापली तर तो मान कायमचा गेला.

मग वेग कुठे?

"म्हणजे मामा, तुम्ही पण नाहीच म्हणताय," भाचा म्हणाला. नाही रे बाबा. मी विचारतोय की कुठे चालवणार? या प्रश्नाचं उत्तर आलं की निम्मे प्रश्न सुटतात.

रस्त्यावर चालवायची असेल तर कायद्याच्या चौकटीत राहायचं: मूळ इंजिन नीट बांधायचं. बोअर, पिस्टन, व्हॉल्व्ह, हेडचं काम, ट्यूनिंग. थकलेलं इंजिन मूळ ताकदीला परत आलं की गाडी किती बदलते, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच माहीत.

वेगासाठीच बांधायची असेल, तर ती रस्त्यावरची गाडी नव्हेच. ती ट्रेलरवरून न्यायची, तिच्यात रोल केज, बकेट सीट, पाच ठिकाणी बांधणारा पट्टा, अग्निशामक. देशात त्यासाठी चेन्नई आणि कोइंबतूरचे ट्रॅक आहेत, लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. आणि मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचे, एफएमएससीआयचे, परवाने आणि सुरक्षानियम आहेत. आपल्या पिथमपूरला तर नॅट्रॅक्स आहे: ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक, २९ जून २०२१ रोजी प्रकाश जावडेकरांच्या हस्ते सुरू झालेला, आशियातल्या सर्वांत लांब ट्रॅकांपैकी एक. तिथे मनात आलं आणि गेलो असं होत नाही, पण वेग मोजायची शिस्त काय असते ते तिथे कळतं.

पण विद्यार्थ्यांना मला त्याहून जवळचं एक दार दाखवायचंय. बाजा एसएईइंडिया ही २००७ मध्ये सुरू झालेली स्पर्धा, आणि तिचं नाव पिथमपूरशी जोडलेलं आहे. देशभरातल्या कॉलेजांची मुलं, पुण्या-नाशिकचीही, स्वतः बांधलेली ऑफ-रोड गाडी घेऊन उतरतात. गंमत अशी की इंजिन सगळ्यांना सारखंच, सुमारे १० अश्वशक्तीचं, आणि त्याला हात लावायचा नाही. दहा घोडे! तरीही एक गाडी चिखलातून सरसर निघून जाते आणि दुसरी पहिल्याच वळणावर मोडते. फरक कशाने पडतो? सांगाडा, सस्पेन्शन, गिअरिंग, वजन आणि ब्रेक. आणि ब्रेकच्या चाचणीत पास झाल्याशिवाय पुढच्या शर्यतीला उभंच करत नाहीत. लगीन कुणाचं आधी, ते तिथेही ठरलेलं आहे.

वहीचं एक पान

शेवटी आम्ही तिघं, भाचा, भाऊजी आणि मी, एका रविवारी पोहे-जिलबी झाल्यावर वही घेऊन बसलो. इसाराची तारीख पुढे ढकलली. मुदत ठेव जागेवर आहे. ठरलं ते असं: पहिल्या टप्प्यात ब्रेक, सगळ्या नळ्या, सस्पेन्शनची रबरं, टायर आणि दारांखालचा गंज. दुसऱ्या टप्प्यात जुन्या इसुझूचं कॉम्प्रेशन मोजायचं, आणि आकडे पडले असतील तर ते खोलून भाच्याने स्वतःच्या हाताने बांधायचं. पहिल्या टप्प्याचे निम्मे पैसे भाऊजी देणार, कारण, त्यांच्याच शब्दांत, "ब्रेकला मी कधी नाही म्हणालो?" टर्बोचं स्वप्न भाच्याने सोडलेलं नाही. त्याची अट अशी, की तोवर त्याचं गणित पूर्ण करून तो माझ्यासमोर ठेवणार, आणि ते रस्त्याच्या नाही, ट्रॅकच्या गाडीचं असणार, वेगळ्या, मोडीतल्या सांगाड्यावर. आजोबांची गाडी कापायची नाही, यावर दोघांचं एकमत झालं. बापलेकांचं गाडीवरून एकमत झालेलं मी बऱ्याच दिवसांनी बघितलं.

तुमच्या घरातही असा बेत शिजत असेल तर वहीत याच क्रमाने लिहा:

१. गाडी चालवायची कुठे, रस्त्यावर की ट्रॅकवर?
२. आरसी कुणाच्या नावावर आहे, आणि त्यांना सगळं माहीत आहे का?
३. आरटीओ आणि विमा कंपनीचं लेखी म्हणणं काय?
४. ब्रेक आणि टायर कोणत्या वेगापर्यंत पुरतील?
५. क्लचपासून एक्सेलपर्यंत कोणती कडी सगळ्यात कमकुवत?
६. मे महिन्यातल्या दुपारी पाणी थंड ठेवणार कशाने?
७. इंजिन बसतं का? पुठ्ठ्याने मोजून झालं का?
८. वायरिंग कोण करणार, आणि त्या मिस्त्रीने याआधी केलेली गाडी तुम्ही चालवून पाहिली का?
९. सगळ्या खर्चाची बेरीज, आणि काम अर्ध्यावर थांबलं तर गाडी कुठे उभी राहणार?
१०. या सगळ्यानंतर, अश्वशक्ती किती?

पहिल्या नऊ ओळी प्रामाणिकपणे भरल्या की दहावी ओळ आपोआप भरते. बहुतेक वेळा मनातल्या आकड्यापेक्षा ती लहान असते, पण ती गाडी चालते, थांबते आणि घरी परत येते.

तुमच्या घरच्या जुन्या गाडीची गोष्ट फोटोसह नक्की पाठवा. पुढच्या अंकात आपण कॉम्प्रेशन टेस्ट घरच्या घरी कशी करायची आणि त्या आकड्यांवरून इंजिनाची तब्येत कशी ओळखायची, ते बघू. तोवर गाडी जपून चालवा.